दहा डब्यांना एक दिवस

रंगाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून ताईंना बावीस वर्षं झाली होती. सगळेच त्यांना ताई म्हणत. रंगारी म्हणत, घरमालक म्हणत, त्यांच्या वडिलांच्या वयाचे म्हातारेसुद्धा म्हणत. फक्त छोटे मालक मावशी म्हणत, कारण लहानपणी शाळा सुटल्यावर याच काउंटरखाली रिकाम्या खोक्यांवर बसून त्यांनी गृहपाठ केला होता. आता थोरले मालक घरी बसले होते, छोटे मालक गल्ल्यावर आले होते आणि ताई होत्या तिथेच होत्या. फरक इतकाच, की एकेक पाय आळीपाळीनं टेकवायला त्यांनी खाली एक वीट ठेवली होती.

त्या सकाळी छोटे मालक कुठल्याशा दोन दिवसांच्या शिबिराहून परतले ते खांद्याला नवी बॅग लावून.

"मावशी, आपल्याला लॉयल्टी प्रोग्राम करायचाय."

ताई रंग कालवायच्या मशीनची तोटी पुसत होत्या. "म्हणजे?"

"म्हणजे गिऱ्हाईक आपल्याशी बांधलेलं राहिलं पाहिजे. फिरून फिरून आपल्याकडेच आलं पाहिजे."

"येतंय की."

"कुठे येतंय?" त्यांनी आवाज खाली आणला. "मोठ्या रस्त्यावर ते नवीन दुकान झाल्यापासून आपला खप किती उतरलाय, तुम्हाला दिसत नाही का?"

ताईंना दिसत होतं. पूर्वी सकाळी आठला शटर वर जायचं तेव्हा दारासमोरच्या बाकावर दहा-बारा रंगारी टेकलेले असायचे. आता चार असले तरी खूप. नव्या दुकानाला काचेचं दार होतं, आत गारवा होता, गाडी लावायला जागा होती. आणि घराला रंग द्यायचा म्हटलं की घरमालक फार तर फिकट पिवळा की फिकट हिरवा एवढंच ठरवतो. डबे कुठून आणायचे ते रंगारी ठरवतो. एक रंगारी दुसऱ्या दुकानाकडे वळला की त्याच्यामागून दहा घरं वळतात.

"तुम्हीच बसवा हे," छोटे मालक म्हणाले. "तुम्ही सगळ्यांना ओळखता. महिनाभरात करून टाका."

"आणि काउंटर?"

"काउंटर आहेच की."

म्हणजे काउंटर सांभाळून. ताईंनी मान हलवली. नाही म्हणायलाही अंगात थोडं बळ लागतं, आणि ते त्या दिवशी नव्हतं.

पहिली योजना त्यांनी शिबिरातल्या पुस्तिकेतून जशीच्या तशी उचलली. डब्यामागे कार्डावर गुण, गुणांवर बक्षीस. थोड्या गुणांना पिशवी, मग भिंतीवरचं घड्याळ, मग इस्त्री, आणि सगळ्यात वर फ्रिज. फ्रिजचं चित्र छोट्या मालकांनी एवढं मोठं छापून घेतलं, की दारातून आत येणाऱ्याला वाटावं आपण दुकान चुकलो. फ्रिजपर्यंत वर्ष-दीड वर्ष कोणी पोचणार नाही, असा त्यांचा अंदाज होता.

सात आठवड्यांत एक जण पोचला. तो बोलायला इतका गोड होता, की सगळे त्याला गोडबोल्याच म्हणत. त्यानं एकेकाला गाठून सांगितलं, पिशव्या आणि घड्याळं घेऊन काय करणार आहात, तुमचे गुण माझ्या कार्डावर चढवा, मी लगेच रोख देतो. पंधरा-सोळा जणांचे गुण असे गोळा करून एका सकाळी तो टेम्पो घेऊनच हजर झाला. छोट्या मालकांनी हसऱ्या चेहऱ्यानं त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. आठवड्यानं तोच टेम्पोवाला दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, तुमचा फ्रिज बघून आलो. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात आहे. पाण्याच्या बाटल्या छान गार करतोय."

छोटे मालक दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मावशी, हे तुमच्या लक्षात आधीच यायला हवं होतं."

ताईंना राग यायला हवा होता. आला नाही. आता पुन्हा पहिल्यापासून, एवढंच मनात आलं, आणि त्यांनी पाय बदलून विटेवर ठेवला.

घरी त्यांचे यजमान असत. एकेकाळी तेही रंगारी होते. भिंत आणि छत जिथे मिळतं तिथे चिकटपट्टी न लावता ते नुसत्या ब्रशनं सरळ रेघ ओढत, म्हणून सगळे त्यांना रेघवाले म्हणत. काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे उभं राहूनच दोघांचं जमलं होतं. तीन वर्षांपूर्वी ते दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडले. जीव वाचला, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. ज्याचा हात डोक्यावर पोचत नाही त्याला छत कोण देणार? मुलगी दुसऱ्या शहरात नर्सिंग शिकत होती. घर ताईंच्या पगारावर चाललं होतं आणि त्याबद्दल दोघंही चकार शब्द काढत नसत.

सुटीच्या दिवशी दुपारी ताई वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर रेघवाले डाव्या हातानं शेंगा सोलत होते.

"काय लिहितेस?"

"रंगाऱ्यांना काय द्यावं, म्हणजे ते दुसरीकडे जाणार नाहीत."

"पिशवी देऊ नका. आपल्याच घरात नऊ आहेत."

ताईंना हसू आलं. "अहो, खरं सांगा. तुम्ही एकोणीस वर्षं आमच्याच दुकानातून माल नेलात. का?"

"तू होतीस म्हणून."

"आणि लग्नानंतर?"

"तेव्हाही तू होतीस म्हणूनच. दुसरीकडून डबा आणला असता तर घरात जेवायला मिळालं असतं का?"

दोघंही हसले. मग रेघवाले शेंगांकडे बघत म्हणाले, "पडलो तेव्हा थोरल्या मालकांनी सफरचंदं पाठवली होती. चांगली होती सफरचंदं. पण मी अंथरुणावर पडून छताकडे बघत एकच गोष्ट मोजायचो. आज आणखी एक दिवस बुडाला. खांद्यापेक्षा तेच जास्त दुखायचं. रंगाऱ्याला सुटी नसते गं. न जाण्याचे दिवस असतात, पण ते सगळे बुडीत. म्हणून तर तापातसुद्धा चढतो माणूस. त्या दिवशी मी चढलो तेव्हा चांगला सणसणीत ताप होता."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "कुठल्या दिवशी?"

"पडलो त्या दिवशी."

"हे तुम्ही मला तीन वर्षांत सांगितलं नाहीत."

"सांगून काय झालं असतं? सकाळी सांगितलं असतं तर जाऊ नका म्हणाली असतीस, आणि मी तरी गेलोच असतो."

ताईंनी त्यांच्यापुढची अर्धी शेंगांची रास आपल्याकडे ओढली आणि सोलायला लागल्या. वही तशीच उघडी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या छोट्या मालकांसमोर उभ्या राहिल्या. "दहा मोठ्या डब्यांना एक दिवस."

"कसला दिवस?"

"मजुरीचा. रंगाऱ्यानं दहा डबे नेले की त्याच्या कार्डावर एक दिवस चढवायचा. तो आजारी पडला, लागलं-खुपलं, घरात काही अडलं, की सकाळी नऊच्या आत दुकानात कळवायचं. त्या दिवशीची त्याची मजुरी आपण द्यायची. त्याच दिवशी, त्याच्या घरी नेऊन."

"आणि खोटंच आजारी पडले तर?"

"पडू देत. डबे तर खरे आहेत ना?"

छोट्या मालकांनी गणकयंत्र ओढलं. फ्रिज, घड्याळं आणि त्या भल्यामोठ्या चित्राला जेवढं गेलं होतं, साधारण तेवढ्यातच हे बसत होतं. तरी त्यांचा चेहरा पडलेलाच राहिला. "पण मावशी, यात दाखवण्यासारखं काहीच नाही. फोटो कसला काढायचा? झोपलेल्या माणसाचा?"

नियम ताईंनी स्वतः लिहिले. पहिला नियम असा, की डबे आजपासून मोजायचे, मागचे नाहीत. आणि गोडबोल्याचा चटका ताजा असल्यामुळे सहावा नियम त्यांनी ठळक अक्षरांत छापायला सांगितला: एकाचे दिवस दुसऱ्याला देता येणार नाहीत. छापून आलेलं पहिलं कार्ड त्या घरी घेऊन गेल्या. रेघवाल्यांनी ते चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं. पहिल्या नियमावर त्यांचा अंगठा थोडा वेळ थांबला. "चांगलं केलंस," ते म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

सुरुवातीला कोणाचाच विश्वास बसला नाही. रंगारी कार्ड घेत, खिशात घालत आणि विसरत. दीड महिन्यानं एकाचा फोन आला, पाठ धरलीय, उठता येत नाही. कार्डावर एक दिवस होता. त्या दुपारी ताई पाकीट घेऊन त्याच्या घरी गेल्या. तीन जिने चढून दार वाजवलं. त्याच्या बायकोनं दाराची फट केली आणि ताईंच्या हातातलं दुकानाचं पाकीट बघून घाईघाईनं म्हणाली, "ते झोपलेत. उधारीचं पुढच्या आठवड्यात नक्की देतो म्हणालेत."

"मी घ्यायला नाही आले," ताई धापा टाकत म्हणाल्या. "द्यायला आलेय."

बाईला ते समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. समजल्यावर तिनं ताईंना आत बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा एकदा विचारलं, "नक्की द्यायलाच ना?"

ही गोष्ट दोन दिवसांत सगळ्या परांच्यांवर पोचली. त्यानंतर काही करावं लागलं नाही. गेलेले एकेक करून परत आले. गोडबोल्याही आला, जणू मधे काही घडलंच नव्हतं अशा तोंडानं. वर्षभरात बाहेर दुसरा बाक टाकावा लागला. रंगाच्या कंपनीचा माणूस येऊन कार्डाचे फोटो काढून घेऊन गेला. छोट्या मालकांना त्याच शिबिरात, यावेळी बोलायला म्हणून, बोलावणं आलं. बोलताना त्यांनी ताईंचा उल्लेख केला, "आमच्या एक जुन्या मावशी आहेत" असा.

जुन्या मावशींचा फोन मात्र आता सकाळी साडेसहापासून वाजायला लागला. ताई, ताप आहे. ताई, बायकोला दवाखान्यात न्यायचंय. ताई, शिळं काहीतरी खाल्लं, रात्रभर उठतोय. स्वतःचा चहा होईपर्यंत त्यांची चार-पाच जणांची दुखणी ऐकून झालेली असत. दुपारी पाकिटं पोचवायची, तीही त्यांनीच, कारण दुसऱ्या कोणाला घरं माहीत नव्हती. संध्याकाळी घरी आल्यावर त्या चप्पल न काढता खुर्चीत बसत आणि काढायची आहे हे विसरून जात.

रंगाऱ्यांमध्ये सगळ्यात वयस्क होते शिडीमामा. साठी उलटून चार वर्षं झाली होती, स्वतःची शिडी होती आणि ती ते कोणाला हात लावू देत नसत. दीड वर्षात त्यांच्या कार्डावर एकवीस दिवस जमले होते. एकही वापरलेला नव्हता. एका सकाळी ते काउंटरशी आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि खोकला थांबत नव्हता.

"मामा, घरी जा. एकवीस दिवस आहेत तुमचे."

"असू देत. पुढे लागतील."

"पुढे म्हणजे कधी?"

"याहून वाईट होईल तेव्हा." त्यांनी कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. "ताई, एक कर. यातले दहा रेघवाल्याच्या नावावर लाव. आम्ही दोघं एकाच परांचीवर शिकलो. त्याच्या वेळेला हे असलं काही नव्हतं."

छोटे मालक बाहेर गेले होते. पेन ताईंच्या हातातच होतं. पाच काय, दहा दिवस लावले असते तरी कोणाला पत्ता लागला नसता. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"नाही मामा. नियमात बसत नाही."

"कोणी केला नियम?"

"मी."

मामांना हसू आलं, हसता हसता खोकला आला आणि ते काउंटर धरून वाकले. "चांगलीच कडक निघालीस की."

ताई मागच्या खोलीत गेल्या आणि पुट्टीच्या पोत्यांवर बसल्या. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तेही आलं नाही. पाच मिनिटांनी त्या उठून बाहेर आल्या आणि मामांसमोर उभ्या राहिल्या. "आजपासून पाच दिवस तुम्ही शिडीवर दिसलात तर हे कार्ड मी तुमच्यासमोर फाडीन. आणि इथून आधी डॉक्टरकडे जायचं."

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा सुटी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शटर वर गेलं तेव्हा धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून ते बाकावर बसलेले होते.

"मामा, घरी आराम करायचा असतो!"

"घरी सून दर तासाला विचारते, बाबा, काम सुटलं का? सांगितलं तर पटत नाही तिला. आणि आडवं झालं की खोकला येतो. मला बसू दे गं इथे."

ते रोज येऊन बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या रंगाऱ्यांना न मागता सल्ले दिले. औषधानं ताप उतरला.

चौथ्या दिवशी ताईंच्या हातून चूक झाली. एका बाईंच्या पूर्ण घराचा रंग कालवायचा होता. ताईंनी शेडच्या क्रमांकातले दोन आकडे उलटे दाबले आणि सहा मोठे डबे भलत्याच रंगाचे तयार केले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाईंनी झाकण उघडून बघितलं आणि सगळ्यांसमोर आवाज चढवला. छोट्या मालकांनी त्यांची समजूत काढली, मग ताईंकडे वळले. "मावशी, लक्ष कुठे आहे तुमचं?"

ताई काही बोलणार तोच बाकावरून मामा म्हणाले, "लक्ष कुठे असणार? सगळ्यांना दिवस वाटतेय ती. तिच्या कार्डावर किती आहेत, विचारलंत कधी?"

"मावशींना कोण अडवतंय?" छोटे मालक म्हणाले. "घ्या की रजा."

"आणि काउंटर?" ताईंनी विचारलं.

छोटे मालक गल्ल्यावरच्या पावत्या सारख्या करू लागले.

"मला आठ दिवस पाहिजेत," ताई म्हणाल्या. आपला आवाज इतका शांत कसा, याचं त्यांनाच नवल वाटलं. "माझ्या जागी रेघवाल्यांना घ्या. हात वर जात नाही, पण मशीन कमरेएवढंच आहे. आणि त्यांच्याइतकी शेड ओळखणारा माणूस तुम्हाला मिळणार नाही. पूर्ण मजुरी द्यायची. माझा पगार कापायचा नाही."

छोट्या मालकांनी सहा फुकट गेलेल्या डब्यांकडे बघितलं. मग ताईंकडे बघितलं, बहुधा बऱ्याच दिवसांनी नीट. "बरं," ते म्हणाले. "उद्यापासून."

रेघवाले मात्र तयार होईनात. "काउंटरच्या त्या बाजूला मी नाही उभा राहणार. बाकावर बसलेले सगळे माझ्या बरोबरीचे. काय म्हणतील?"

"मग मला आठ दिवस मिळणार नाहीत," ताई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. चप्पल पायातच होती.

रेघवाले उठले, खाली वाकले आणि डाव्या हातानं त्यांच्या चपलेचा पट्टा सोडवू लागले. "शटर किती वाजता?"

"आठला. माहीत आहे तुम्हाला."

पहिल्या दिवशी त्यांचे सहा फोन आले. झाकण उघडायचं पातं कुठे आहे. मशीन शिट्टी मारतंय, काय करू. पॉलिश पेपर बारीक की जाड, गिऱ्हाईकच सांगत नाही. ताई अंथरुणात बसून उत्तरं देत राहिल्या आणि दुपारी ठरवलं, की यापेक्षा दुकान बरं. दुसऱ्या दिवशी तीन फोन आले. तिसऱ्या दिवशी एकच, तोही सांगायला: कोणीतरी भिंतीचा खरवडलेला तुकडा घेऊन आला होता, रेघवाल्यांनी नुसत्या नजरेनं शेड जुळवली आणि मशीननंही तीच सांगितली. चौथ्या दिवशी फोन आलाच नाही. शेवटी अकरा वाजता ताईंनीच लावला.

"सगळं ठीक आहे ना?"

"गर्दी आहे. ठेव," रेघवाले म्हणाले आणि त्यांनीच ठेवला.

ताईंनी फोन बंद करून कपाटात ठेवला. पडदा ओढला. मग त्या जेवायच्या वेळेपर्यंत झोपल्या, उठून पाणी प्यायल्या आणि पुन्हा झोपल्या. उरलेले दिवसही बरेचसे असेच गेले. नंतर मुलीनं फोनवर विचारलं, सुटीत काय काय केलंस, तर सांगण्यासारखं त्यांना काही आठवेना.

नवव्या दिवशी त्या दुकानात गेल्या. रेघवालेही बरोबर होते. सकाळचे फोन आणि मशीन त्यांच्याकडे राहतील, अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर, असं परस्पर ठरून गेलं होतं. पूर्ण दिवसाचं छोट्या मालकांना परवडणार नव्हतं, किंवा ते तसं म्हणाले. शिडीमामा कामावर परतले होते. त्यांचे सोळा दिवस अजून शिल्लक होते आणि आणखी वाईट दिवसाची वाट बघत होते.

"मावशी, बरं वाटतंय का?" छोट्या मालकांनी विचारलं.

"हो. दुकानातल्या माणसांच्या कार्डाचं काय? पोती उचलणारे दोघं, माल पोचवणारा टेम्पोवाला, मी."

"बघू की."

"बघू-बिघू नको. तारीख सांगा."

छोट्या मालकांनी कपाळ चोळलं, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं, पुन्हा खाली सोडलं. "पुढच्या महिन्याची पंधरा."

ताईंनी ती शेडकार्डाच्या मागे लिहून घेतली, खाली त्यांची सही मागितली आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, "बोला, किती खोल्या आहेत?"